आराधनेची पंगत

"सुधींद्रअण्णा बाटले, आणि तेही जेवणावर!" कमरीपेठेत ही कुजबूज आधी नळावर उठली, मग पिठाच्या गिरणीत बारीक दळली गेली, आणि शुक्रवारच्या भजनापर्यंत पोचली तेव्हा तिच्यात एक कोंबडीही शिजून तयार होती.

अण्णांनी तारिहाळला पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. निवृत्तीनंतर हौस एकच उरली, गायची. अडचण एवढीच की अण्णा सुराला ओळखत, सूर अण्णांना ओळखत नसे. भजनी मंडळाचे प्रमुख प्रभंजनराव पेटीवर बसत. त्यांनी पहिल्याच महिन्यात अण्णांच्या हाती टाळ दिले.

"अण्णा, तोंड हलवा, आवाज नको. पेटीला त्रास होतो."

चार वर्षं अण्णा मुकाट तोंड हलवत राहिले.

मग एक दिवस कोप्पीकर रोडवर कारखान्यातला जुना सोबती देवदान भेटला. "अण्णा, रविवारी नऊला आमच्या देवालयात आराधना आहे. या की!"

देवदान ख्रिस्ती, हे अण्णांना ठाऊक होतं. पण अण्णांसारख्या माध्व ब्राह्मणाला आराधना म्हटलं की स्वामींची पुण्यतिथी दिसते, आणि पुण्यतिथीच्या आधी पंगत दिसते. यांच्यातही कुणी स्वामी असतील, त्यांनाही गोडाचा नैवेद्य असेलच! बायकोला, जयलक्ष्मीबाईंना, "आज माझा स्वयंपाक नको" असं सांगून, धोतर नेसून, अण्णा उपाशीपोटी चर्चच्या बाकावर हजर.

पान नाही, वाढपी नाही; यांची आराधना म्हणजे नुसती उपासना. प्रार्थना झाली, वाचन झालं. शेवटी एक थाळी फिरत आली. अण्णांनी लगबगीने हात पुढे केला, तर तीत नोटा.

"घ्यायच्या नाहीत हो, घालायच्या!" देवदान कानाशी कुजबुजला.

तेवढ्यात सगळे उठून उभे राहिले आणि गाऊ लागले. देवदानने कन्नड गीतांचं पुस्तक पुढे धरलं. सवयीप्रमाणे अण्णांनी नुसतं तोंड हलवलं. पण शेजारची म्हातारी असा काही सूर लावत होती की तिच्यापुढे अण्णा गवई. दुसऱ्या कडव्याला त्यांचा आवाज सुटला तो सुटलाच. कुणी मागे वळून पाहिलं नाही. उलट गाणं संपल्यावर म्हातारीने हात हातात घेऊन "शांती असो" म्हटलं.

दारात पास्टर उभे होते. अण्णांनी चाचरत विचारलं, "माझ्या आवाजाचा त्रास झाला का हो?"

"कुणाला? आम्ही सगळे म्हणणारे. ऐकणारा तो वर. त्याची तक्रार अजून तरी आलेली नाही."

पुढच्या रविवारी अण्णा घरून जेवून गेले. असे सहा रविवार झाले, आणि कोंबडी शिजली.

शुक्रवारी प्रभंजनराव सगळ्यांदेखत म्हणाले, "अण्णा, एक तर तिकडं जा, नाहीतर इथं बसा. ठरेतोवर टाळ खाली."

अण्णांचा चेहरा उतरला. ज्यांच्या घरची लग्नं-मुंजी त्यांनी पार पाडल्या, ती ही माणसं. त्यांनी टाळ सतरंजीवर ठेवले. तोच बायकांतून जयलक्ष्मीबाई उठल्या.

"प्रभंजनराव, मी गेल्या रविवारी यांच्या पाळतीवर जाऊन मागच्या बाकावर बसले होते. तिथं पाच गाणी झाली. पाचही यांनी मोठ्यांदा म्हटली."

"पाचही?" प्रभंजनरावांचा हात आपसूक पेटीवर गेला.

"पाचही! आणि मान उंचावून बघितलं ते फक्त मी. आपल्यात गाणारे तीन आणि गप्प बसणारे तीस. तुमच्या पेटीला त्रास होतो म्हणता, देवाला होतो का, विचारलंत कधी?"

बायका पदर तोंडाशी धरून हसल्या. प्रभंजनरावांनी डोकं खाजवलं, देवाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं. "म्हणा एक," ते म्हणाले.

अण्णांनी म्हटलं. पेटी दुसऱ्याच ओळीला शरण आली, टाळांनी मात्र शेवटपर्यंत साथ सोडली नाही. तेव्हापासून शुक्रवारी एक भजन अण्णांचं, आणि रविवारी नऊला चर्च.

कोंबडी शिजलीच नव्हती. अण्णांनी धर्म बदलला नव्हता. त्यांना मोठ्याने गायचं होतं, आणि चर्चमध्ये त्यांना कुणी गप्प बसवत नव्हतं.