डावी सीट

नॉर्मन टिडमार्शला ओव्हरटेक करता येत नव्हतं. इथे इंग्लंडमध्ये यायचं, समुद्रापलीकडे नाही. आमच्या गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे. फ्रान्समध्ये रस्त्याच्या उजव्या बाजूने चालायचं, म्हणजे चालवणारा गवताच्या कडेला बसतो. पुढे ट्रक आला की त्याला ट्रकचं मागचं दार दिसतं, बाकी काही नाही. समोरून कोण येतंय ते डाव्या सीटवरच्यालाच कळतं. नॉर्मनच्या डाव्या सीटवर त्याची थोरली बहीण बेरिल बसायची. ती मान काढून बघायची, थांबायची आणि म्हणायची, "निघ." एवढंच. नॉर्मन दुसरा विचार न करता गाडी बाहेर काढायचा.

गाडी एकोणपन्नास सालची रायली, आमच्या कॉव्हेंट्रीतच बनलेली. त्याने ती कोंबड्यांच्या खुराड्यातून आणली होती. आम्ही दोघे एकाच कारखान्यात होतो. मी पत्रा ठोकायचो, तो सीटा शिवायचा. तिचा पुढचा मडगार्ड मी दोनदा केला. पहिला कुणालाही चालला असता, मला चालला नाही. सीटांचं चामडं त्याने पूर्ण हिवाळाभर शिवलं. बेरिल बुटकी, म्हणून डाव्या सीटमध्ये घोड्याचे केस जास्त भरून ती चार बोटं उंच केली. तिला नीट दिसायचं. दुसरा कुणी बसला की त्याचं डोकं छताला लागायचं.

दोघांनी लग्न केलं नव्हतं. आईवडिलांच्या घरातच राहिले. दर उन्हाळ्यात आठवडाभर रायली घेऊन पलीकडे जायचे. कुठे शर्यतीचा जुना रस्ता, कुठे एखादं संग्रहालय. मोठी सफर मात्र रिटायर झाल्यावर करायची असं ठरलं होतं. फ्रान्समध्ये रँसच्या जुन्या गाड्या, मग मुलूझचं संग्रहालय, मग जर्मनीत श्टुटगार्ट, मग आल्प्स ओलांडून इटलीत तुरीन. तिथे एका कारखान्याच्या छतावर गाड्या पळवून बघायचा रस्ता आहे. नॉर्मनला त्या छतावर उभं राहायचं होतं.

मग बेरिलने सत्तराव्या वर्षी लग्न केलं. डग्लस नावाचा विधुर, बोल्सच्या मैदानावर, म्हणजे म्हातारी माणसं हिरवळीवर चेंडू घरंगळवतात तिथे, भेटलेला. तो तिला लांब समुद्रकाठी, स्कारबरोला घेऊन गेला. आम्ही संध्याकाळी जायचो त्या क्लबात लोक नॉर्मनला म्हणायचे, बघ, तुझं घर सोडायला तिला निम्मं शतक लागलं, तुझ्या हातचा चहा असणार. तो हसायचा. लग्नाला तिला रायलीतून त्यानेच नेलं. मीही बरोबर होतो. परत येताना मी मागे बसलो. पुढे ये असं तो म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

चार वर्षं गाडी फक्त गावात फिरली. मग डोळ्यांच्या डॉक्टरने सांगितलं की मागचा पडदा झिजतोय. यंदा गाडी चालवायला हरकत नाही, पुढच्या वर्षीचं सांगता येत नाही. नॉर्मनने त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं.

दर गुरुवारी मी त्याच्याकडे चहाला जायचो. सीटचा नमुना कापायचा तपकिरी कागद त्याने टेबलावर अंथरला होता आणि त्यावर रस्ता काढला होता. जिथे मुक्काम, तिथे कडेला कात्रीने खाच. दोन तुकडे जिथे जोडायचे तिथे शिवणारे अशीच खाच मारतात. टोलचे रस्ते त्याने टाळले होते. टोलची खिडकी डावीकडे येते. एकट्या माणसाला उतरून गाडीला वळसा घालून जावं लागतं आणि मागचे हॉर्न वाजवतात.

मी विचारलं की खाचा इतक्या लांब लांब का. तो म्हणाला, गाडी फक्त रविवारी चालवणार. रविवारी तिकडे मोठ्या ट्रकांना बंदी असते. ट्रक नाहीत, म्हणजे ओलांडायचं कुणाला नाही. रविवारी पोचायचं, सोमवारी संग्रहालयं बंद, मंगळवारी बघायचं.

"आणि मंगळवारनंतर शनिवारपर्यंत काय करणार?" मी विचारलं.

"इथे काय करतो?"

मी चहा प्यायलो. क्लबात ही गोष्ट फुटली तेव्हा कुणीतरी म्हणालं, जन्मात चर्चची पायरी न चढलेला नॉर्मन आता रविवार पाळायला लागला. तेव्हाही तो हसला.

पुढच्या गुरुवारी मी म्हणालो, "सीट खाली कर, मी येतो बरोबर. मान काढून बघायला मलाही जमेल."

तो म्हणाला, बरं. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

त्याच्या हाताला ते अर्ध्या दिवसाचंच काम होतं. टाके उसवायचे, केस काढायचे, परत शिवायचं. पुढच्या आठवड्यात पाहिलं तर सीटवर हत्यारं मांडलेली होती, टाका एकही उसवलेला नव्हता. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तसंच. तिसऱ्या वेळी हत्यारं पेटीत गेली होती आणि चामड्याला तेल लावलेलं होतं. मी परत विषय काढला नाही.

निघायच्या आधी बेरिलचा मला फोन आला. सफरीचं तिला बाहेरून कळलं होतं. "आयव्हर, त्याने मला विचारलंसुद्धा नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, डग्लसला तीन महिने सोडून तू आली असतीस का? "नसते आले. पण विचारायला हवं होतं."

मी ते नॉर्मनला जसंच्या तसं सांगितलं. तो गाडीखाली होता, ब्रेकच्या नळ्या तपासत.

"नाही म्हणाली असती तर चाललं असतं," तो खालूनच म्हणाला. "हो म्हणाली असती तर रोज संध्याकाळी डग्लसला फोन लावून बसली असती. आणि मी बाहेर गाडीत."

मे महिन्यात तो गेला. दर गुरुवारी चहाच्या वेळी फोन करायचा. रँसच्या गाड्यांबद्दल थोडं बोलला. खोली कशी आहे विचारलं तर म्हणाला, पलंग एक आहे, पुरतो.

मुलूझहून फोन आला तेव्हा आवाज वेगळा होता. रविवारी ट्रक नव्हते, हिशोब बरोबर होता. पण डच लोकांची एक कॅरॅव्हॅन निघाली. गाडीच्या मागे जोडलेलं ते घर ट्रकाएवढंच रुंद, आणि त्याला रविवारची बंदी नाही. डोंगराच्या रस्त्यावर ती पुढे आणि रायली मागे.

"मग काय केलंस?"

"मागेच राहिलो. तिच्या मागच्या खिडकीत फुलाफुलांचा पडदा होता. पूर्ण दुपार तोच बघितला."

"सरळ रस्ता लागलाच नाही?"

"लागला एकदा. मोकळा असणार, असं वाटलं. मी 'निघ' म्हणालो."

"मग?"

"माझाच आवाज होता, आयव्हर. त्याच्यावर कसा विश्वास ठेवायचा?"

संध्याकाळी ती कॅरॅव्हॅन तंबूंच्या मैदानाकडे वळली. समोर रस्ता रिकामा झाला. तो म्हणाला, बरं वाटायला हवं होतं. पण गाडी कडेला घेऊन तो बराच वेळ तिथेच थांबला.

पुढचा सगळा मार्ग त्याने कागदावर काढला होता तसाच पुरा केला. तुरीनला छतावर उभा राहिला. ऑगस्टमध्ये परत आला. रायलीवर एक ओरखडा नव्हता. मी चारी बाजूंनी बघितलं.

सप्टेंबरमध्ये बेरिल आणि डग्लस भेटायला आले. डग्लस घरात पेपर वाचत बसला. बेरिल गॅरेजमध्ये येऊन आपणहून डाव्या सीटवर बसली. सीट तिच्या उंचीचीच होती. तिने हाताने चामडं चाचपलं आणि काचेतून समोरच्या भिंतीकडे बघितलं. नॉर्मन स्टिअरिंगला बसला होता. मी दारात उभा होतो.

"एकटा कसा गेलास रे एवढ्या लांब?" तिने विचारलं.

"मागे मागे," नॉर्मन म्हणाला.