वळणाआधी ठेवलेले फोन

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. नाशिकला मोबाईल कंपनीत इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा सुरगाण्याकडच्या आमच्या पाड्याने पेढे खाल्ले आणि एकच काम सांगितलं: घाटातलं ते वळण नीट कर.

वळणाच्या अलीकडे फोर-जी, पलीकडे फक्त जुनं टू-जी. चालत्या गाडीतला फोन एका नेटवर्कवरून दुसऱ्यावर जावा आणि बोलणाऱ्याला पत्ताही लागू नये, हेच आमचं काम. तिथे कॉल तुटायचा. मी तसं लेखी दिलं. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"महिनाभरात तिथे एक कॉल तुटलेला नाही. तुटलेला दाखव, नाहीतर तक्रार बंद करतो."

मी टेस्टचा फोन लॅपटॉपला जोडला आणि गावाकडच्या जीपमध्ये पुढे बसून आईला कॉल लावला. वळण दिसताच ड्रायव्हर सवयीने ओरडला, "ठेवा फोन, वळण आलं." मागच्या चौघांनी "बरं, ठेवतो मग" म्हणत फोन ठेवले. आईने तिकडून ते ऐकलं. "वळण आलं वाटतं. ठेवते रे." तिनेही ठेवला.

लॅपटॉपवर नोंद आली: कॉल समोरच्याने बंद केला. सेवा समाधानकारक.

आमची माणसं कॉल तुटूच देत नव्हती. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगमध्ये हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच जीप धरली.

"दादा, आज ओरडू नका."

"मग लोकांना कळनार कसं?"

"कळायलाच नको."

त्याने मागे मान वळवली. "आज कोनी फोन ठेवू नका रे. सायबाला तुटलेले पायजेत."

आईलाही फोनवर बजावलं, काही झालं तरी ठेवायचा नाही.

"आन तुटला तर?"

"तुटू दे. तुटायलाच हवा."

"एवढं शिकवलं ते फोन तोडायला?"

वळण आलं. शेजारणीचा बोकड आमच्या नागलीच्या शेतात कसा शिरला हे ती सांगत होती, आणि बोकड बांधावरच राहिला. लॅपटॉपवर लाल रेघ उमटली. मागे चौघे हॅलो-हॅलो करत होते.

"सायेब," त्यांतला एक म्हणाला, "बायकोसंगं भांडान चाललं व्हतं. आता तिला वाटंल, मीच ठेवला."

पलीकडे रेंज आल्यावर आईला पुन्हा लावला. रिंग तिच्या कानातच वाजली. तिने फोन खाली घेतलाच नव्हता.

"तूच म्हनला ना, ठेवू नको," ती म्हणाली. "कान लाल झाला."

ऑफिसात साहेबांनी माझा रिपोर्ट आणि त्यांची स्क्रीन शेजारी-शेजारी ठेवून पाहिली.

"महिनाभर एक नाही आणि काल एकाच वळणावर पाच? लोक अचानक बोलायला लागले की काय?"

"हो साहेब," मी म्हणालो.

त्यांनी तक्रार दुरुस्तीला पाठवली.