प्रत्येक गुडघा

“ऊठ. ती खुर्ची पाहुण्यांची आहे.”

मी उठले. साहेबांनी बोटाने फरशी दाखवली. “तू इथं. गुडघे टेकून.”

करी रोडच्या टॉवरमधला बाविसावा मजला. मंगळवारची घरसभा, म्हणजे घरातली प्रार्थना. चर्चच्या मंडळीतली दहा-बारा माणसं सोफ्यावर, खुर्च्यांवर. फरशीवर मी एकटी. साहेब मंडळीचे कारभारी, वचन तेच वाचायचे. देवाने ख्रिस्ताला सगळ्यांहून उंच केलं, त्याच्या नावापुढं प्रत्येक गुडघा टेकेल, असं ते वचन. वाचून झाल्यावर बायबल मिटून ते हसत म्हणाले, “आमच्या गुडघ्यांची गॅरंटी संपली. हिचे अजून नवे आहेत.”

रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारा माणूस. सगळे हसले. मीही हसले. माझं ते हसणं मला अजून टोचतं.

आमच्या नगरकडच्या गावात चर्चमध्ये एकच सतरंजी. पाळक, शिक्षक, ऊसतोडीवरून आलेल्या बाया, सगळे तिच्यावरच. वचन वाचणारा आधी गुडघे टेकतो, मग बाकीचे. त्याच सवयीने मी न विचारता आजींशेजारच्या खुर्चीवर बसले होते. आजी म्हणजे साहेबांची आई. डोळ्यांनी दिसत नाही. प्रार्थनेत त्यांना माझा हात लागतो.

तेव्हा राग आला नाही. भीती वाटली. माझी शाळा सहावीत सुटलेली. साहेबांनीच गावाहून आणलं, आजींना सांभाळायचं काम दिलं, आजींच्या खोलीत झोपायला जागा दिली. उपकार आहेत, खोटं कशाला बोलू. मनात म्हटलं, देवानेच त्यांना वर बसवलंय, मला खाली. वचनच तसं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजी म्हणाल्या, “कालचं वचन वाच गं.”

जोडाक्षरांवर अडखळत मी सुरू केलं. साहेबांनी केलं होतं तिथूनच.

“वरून वाच,” आजी म्हणाल्या. “तो नेहमी तिथूनच सुरू करतो.”

वरच्या ओळी वाचल्या. ख्रिस्त देवाच्या बरोबरीचा होता, तरी ती जागा धरून बसला नाही. दास झाला. स्वतःला खाली नेलं, पार क्रुसावरच्या मरणापर्यंत. म्हणून देवाने त्याला उंच केलं.

माझं बोट पानावरच थांबलं. उंच केला तो चाकर.

“आजी, प्रत्येक गुडघा म्हणजे साहेबांचाही ना?”

“त्याचा आधी.”

पुढच्या मंगळवारी मी पुन्हा आजींशेजारी बसले. साहेबांनी बोट फरशीकडं केलं.

“साहेब, आमच्याकडं वाचणारा आधी टेकतो. तुम्ही टेका, मी लगेच टेकते.”

या वेळी कुणी हसलं नाही.

“काम नकोय का तुला?”

“हवंय. आजींची अंघोळ, औषधं, हागणं-मुतणं, सगळं करते. ते काम. गुडघे टेकणं कामात मोडत नाही.”

“महिनाअखेर बघू,” साहेब म्हणाले. आजींनी माझा हात सोडला नाही.

बॅग भरून ठेवलीय. भीती गेलेली नाही. साहेबांनी हाक मारली की वाटतं, आज जायला सांगणार. सांगू देत. तोवर मंगळवारी आजींशेजारची खुर्ची मीच मांडणार आणि मीच बसणार. देवापुढं मी रोज टेकते, खोलीचं दार लावून. साहेबांच्या बोटापुढं आता नाही.