माहेरी न सापडलेली ठकूबाई

आमचे शेजारी जगदीशभाऊ रसायनीच्या कारखान्यातून रिटायर होऊन कडावात घरी बसले. बाकीची माणसं रिटायर झाली की कोंबड्या पाळतात. यांनी पूर्वज पाळायला घेतले. आजोबाकडची नावं चटकन जमली. आजीपाशी गाडी अडली. आजी ठकूबाई, माहेर कशेळ्याच्या पुढं, डोंगराखालच्या गावात. बस्स. कुठलं घर, कुणाची लेक, काही पत्ता नाही.

सांगू शकेल असं एकच माणूस उरलं होतं, ठकूबाईंची लेक, म्हणजे भाऊंची सुंदराआत्या. विधवा झाल्यापासून ती इथंच. पण तिची आठवण दिवसागणिक विरत चाललेली. कर्जतचे डॉक्टर म्हणाले, "काय विचारायचं ते आत्ताच विचारून घ्या." झालं, भाऊंची झोप उडाली. एक दिवस आत्या कपाला वाटी म्हणाली, तर हा गडी जेवलाच नाही.

बरं, विचारून मिळावं काय?

"मामाचं नाव काय गं आत्या?"

"मामा."

"आडनाव?"

"मामाला आडनावानं कोन हाक मारतं रं, धर्मा?"

बरोबरच आहे म्हणा! धर्माजी म्हणजे भाऊंचे वडील, आत्याचा धाकटा भाऊ. वारून कितीतरी वर्षं झाली. भाऊ चिडून म्हणायचे, "धर्मा नाय, मी जगदीश!" की आत्या गप्प व्हायची ती दिवसभर.

मग भाऊ जीप धरून त्या गावाला जात. विहारात बसलेल्या म्हाताऱ्यांना विचारत, "ठकूबाई तुमच्यातली कुणाची?" म्हातारे चहा पाजत, स्वतःच्या सात पिढ्या ऐकवत आणि ठकूबाई आमच्यात कुणी नव्हती म्हणत. संध्याकाळी मी कुंपणावरून टोकायचो, "काय भाऊ, आज कुणाच्या आज्याला भेटून आलात?" यावर ठरलेली शिवी यायची. परवा आलीच नाही.

"आत्यानं सकाळी मेघाला इचारलं, तू कोनाची गं पोरी," ते म्हणाले. "आता दिस नाय उरलं रं माझ्याकडं."

मी थट्टा सोडली आणि कुंपण ओलांडून आत गेलो.

भाऊंची बायको, मेघावहिनी, पायरीवर वाल सोलत होत्या. खाली मान घालूनच बोलल्या, "आवो, माज्या माहेरी जाऊन मेघाला हुडका बरं. भेटंल का?"

"म्हंजे?"

"तिथं मी शकू. मेघा तुमच्या आईनं केलं, लग्नात. मला कुनी इचारलं बी नाय."

मी खदखदा हसलो. पाहतो तर हसणारा मी एकटाच. भाऊंचा चेहरा पांढरा पडला होता. इतक्या फेऱ्या मारल्या त्या ठकूबाई हे सासरचं नाव माहेरात विचारत! आणि माहेरचं नाव जिच्याकडे होतं, त्या आत्याला त्यांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

तसेच ओटीवर गेले. आत्या भिंतीला टेकून डोळे मिटून बसली होती.

"आत्या..."

तिनं डोळे उघडले. "धर्मा? आलास व्हय रं?"

भाऊंनी तोंड उघडलं, मिटलं. मग हळूच तिच्या पायाशी बसले. "आलो गं आक्का."

आत्या हसली.

"आक्का, आपुन आयसंगं मामाकडं जायचो नं? मामा आयला काय हाक मारायचा गं?"

वहिनींचे हात थांबले. आत्याचे डोळे पुन्हा मिटायला लागले, तसे भाऊ आणखी पुढं सरकले. मला वाटलं, गेलं, हातचं गेलं. तेवढ्यात म्हातारीनं मान मागं टाकली आणि एखाद्या बाप्यासारखी खणखणीत हाळी दिली, "ये येसे! पोरांना घिऊन भर उनाची आलीस व्हय गं!"

"येसू," भाऊ पुटपुटले. नाव सांडेल की काय अशा भीतीनं पुन्हा म्हणाले, "येसू." आणि चपला शोधायला लागले.

"कुटं निघालास?"

"मामाकडं."

"मला टाकून?" भिंतीला हात देऊन आत्या उठायला लागली. भाऊंनी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी माझ्याकडे. मी मुकाट्यानं गाडीची चावी आणायला वळलो. मागं आत्याची घाई चालली होती, "धर्मा, माजं हिरवं लुगडं काड रं. ह्या अवतारात मामा वळखायचा नाय."