परवाना बघितला, असं मी म्हणालो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पत्रकं लिहिणाऱ्या माणसानं काही लपवावं हेच मुळात हास्यास्पद — पण लपवलं. तुम्हाला सांगतोय, कारण त्या पत्रकांपैकी एखादं तुमच्याही हातात पडलं असेल.

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा कामगार संघटनेत. वाळूजला कारखान्यांच्या गेटवर वाटायच्या गठ्ठ्यांना टेकून मी अभ्यास केला. कॉलेजात कॉम्प्युटर विषय घेतला तेव्हा माझा झेंडाही ठरला — मुक्त सॉफ्टवेअर. एक पत्रक लिहून, औरंगपुऱ्यात झेरॉक्स काढून मी वर्गावर्गांत वाटलं: प्रोग्रामिंग शिकायचं तर एखाद्या मुक्त प्रकल्पात काम करा, पण निवडताना आधी त्याचा परवाना बघा. कोड सगळ्यांना दिसतो म्हणून तो सगळ्यांचा होत नाही. कुणीही वापरा, बदला, पुढं द्या, असं मालकानं लिहून दिलेलं असलं पाहिजे.

ही वाक्यं ठळक अक्षरांत होती. मीच ठळक केली होती.

नसरीन माझ्या वर्गातली. लासूर स्टेशनहून पॅसेंजरनं यायची. ते पत्रक मनावर घेणारी बहुधा ती एकटीच. आमच्या कॉलेजचं नाव ऐकून कुणी मुलाखतीला बोलवत नाही. स्वतःचं काम दाखवावं लागतं. म्हणून ती प्रकल्प शोधत होती, आणि एका मराठी शब्दकोशाचा तिनं जवळजवळ नक्कीही केला होता. जुना, कंटाळवाणा, पण परवाना स्वच्छ. तिथून तिला मी ओढून काढलं.

कुठं आणलं? निखिलदादाच्या प्रकल्पात. दादा आमच्याच कॉलेजचा, पुण्यात नोकरीला. बाजार समित्यांचे भाव दाखवणारं ॲप तो बनवत होता, कोड इंटरनेटवर उघडा. आपल्या भागातलं, आपल्या माणसांचं काम — माझं भाषण तयारच होतं. फक्त परवाना नव्हता. मी फोन केला. दादा म्हणाला, "टाकू की रे नंतर. आधी काम तर होऊ दे. आणि तुझं नाव आमच्या कंपनीत सांगून ठेवतो."

मला कळलं नाही का? कळलं. त्यातला सौदा न कळण्याइतका मी भोळा नव्हतो.

चहा पिताना नसरीननं विचारलं, "काय कॉम्रेड, परवाना बघितला ना? माझी मेहनत पाण्यात गेली तर तुझ्या पत्रकांच्या पुड्या करून शेंगदाणे विकीन मी."

"बघितला," मी म्हणालो. "आहे."

तिनं स्वतः बघितलं नाही. मी सांगितल्यावर कशाला बघेल?

शोधाचा सगळा भाग तिनं लिहिला. लासूरच्या मोंढ्यात तिचे मामू आडतीवर असतात. तिथं बसून कुठल्या मालाला लोक काय काय म्हणतात ते ती ऐकायची. कांदा लिहा, प्याज लिहा, घाईत चुकीचं लिहा — भाव बरोबर यायचा. मामूंच्या मोबाईलवर तो पहिल्यांदा आला तेव्हा तिनं मला फोन लावून त्यांच्या हातात दिला. "लई भारी केलं रे पोरांनो," ते म्हणाले. पोरांनो. मी काय केलं होतं?

मग दादाच्या कंपनीनं ॲप घेतलं आणि कोड बंद केला. नसरीननं मुलाखतींसाठी सगळ्या कोडची आपली प्रत इंटरनेटवर ठेवली होती. ती काढ, नाहीतर नोटीस येईल, असा दादाचा निरोप आला. परवाना असता तर ती ठेवायचा तिला हक्क असता. तिनं काढली. बाकीच्या कोडशिवाय तिचा भाग चालत नव्हता; दाखवायला काही उरलं नाही. माझं नावही दादानं कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा मला राग आला. बघा — तेव्हा. एका दमात मी पत्रक लिहिलं, विश्वासघात हा शब्द ओळीओळीत. परवाना असल्याचं दादानं आम्हाला सांगितलं होतं, असंही लिहिलं. तो तसं कधीच म्हणाला नव्हता; ते मी म्हणालो होतो. पत्रक इतर कॉलेजांत फिरलं. मला भाषणांना बोलावणी आली. फसवल्या गेलेल्या विद्यार्थ्यांचा आवाज म्हणून मी उभा राहिलो, आणि खरं सांगू? बोलताना माझा स्वतःचाच त्यावर विश्वास बसायचा.

नसरीननं त्या पत्रकाखाली सही केली. नंतर मला म्हणाली, "जाऊ दे रे, दोघांनाही फसवलं त्यानं." माझी समजूत ती काढत होती. मी मान डोलावली.

मुलाखती देणं तिनं सोडलंय. आता ती लासूरला पोरांना टायपिंग शिकवते. आम्ही भेटतो, बोलतो. सांगता आलं असतं — कितीदा तरी. हे छापून आलं की तीही तुमच्यासारखीच कुठंतरी बसून वाचेल. तिच्या तोंडावर बोलायला मी घाबरलो आणि तिच्याआधी तुम्हाला सांगितलं. हेही मीच केलं.