जांबच्या राशीवर

त्या दिवसांत माझा रामावर विश्वास उरला नव्हता, हे आधीच सांगून टाकते. निजामाच्या अमदानीतली गोष्ट. संक्रांत होऊन गेली आणि आमच्या ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं आणि वाचा गेली. हे परतूरच्या बाजारात मापाडी होते. ज्वारीच्या राशीवर बसायचं, पायली भरून पोत्यात रिचवायची आणि मोठ्यानं मोजत राहायचं, हा त्यांचा धंदा. आवाज असा खणखणीत, की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला कळायचं आज कोण मोजून राह्यलं. त्या माणसाच्या तोंडून आता "अन्... अन्..." एवढंच निघायचं. रोज फुलं वाहिली ती ह्यासाठी का, असं मी देवघरापुढं बसून रामाला तोंडावर विचारत होते.

मला काय हवं होतं तेही सांगते. हे बाजारातून आले की मिशांवर ज्वारीची धूळ तशीच, पाय धुवायच्या आधी दारातून विचारायचे, "जेवली का गं?" मी खेकसायचे, "तुमच्या आधी जेवायला मी काय पाहुणी हाय?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारणी मला त्यावरून छळायच्या. लग्न झाल्यापासून हा प्रश्न कधी चुकला नव्हता. आता हे दिवसभर डोळ्यांसमोर होते आणि प्रश्न तेवढा गेला होता. तेवढाच परत दे, बाकीचं बोलणं तुझ्याजवळ राहू दे, असं मी रामाला म्हणायचे. घर इतकं मुकं झालं होतं की चुलीतलं लाकूड तडकलं तरी मी दचकायचे.

हकीम झाले, वैद्य झाले. दोघंही म्हणाले, धीर धरा. धीर कुणाला धरवतो! माझे दीर यायचे आणि ह्यांचे कानच गेल्यासारखे कानाशी ओरडायचे, "दादा, म्हणा एक! एक म्हणा, एक!" मीही त्यांच्या जोडीला बसायचे. मोजणारा माणूस, निदान एक तरी म्हणेल, असा आमचा हिशेब. ह्यांना सगळं समजत होतं. कपाळावर घाम यायचा, ओठ थरथरायचे आणि "अन्..." म्हणून गाडी अडायची. एकदा डाव्या हातानं त्यांनी तांब्या भिरकावला आणि भिंतीकडे तोंड करून रडले. त्या दिवसापासून मी दिरांना ओरडू दिलं नाही.

रामनवमीला दिरांनी छकडा जुंपला. "वहिनी, जांबला जाऊन येऊ. समर्थांचं गाव हाय, राम तिथं तरी ऐकल." मी म्हणाले, "इथं बहिरा, तिथं ऐकतो व्हय?" पण गेले. दर्शन झालं. मी काहीच मागितलं नाही. मागून मागून थकले होते. देवळाबाहेर लिंबाखाली ह्यांना टेकवून बसवलं. समोर उत्सवासाठी आलेल्या ज्वारीची रास पडली होती आणि मेंदी लावलेल्या दाढीचे एक म्हातारे मुसलमान मापाडी मोजायला बसत होते. आता ह्या धंद्याची एक रीत आहे. राशीवर पहिल्या पायलीला "एक" म्हणत नाहीत, "लाभ" म्हणतात. आणि एकदा मोजणी सुरू झाली की मापाडी कुणाशी बोलत नाही, त्याच्याशीही कुणी बोलत नाही. आकडा तुटला की पुन्हा पहिल्यापासून.

म्हाताऱ्यांनी पायली रिचवली. "लाभ!" दुसरी रिचवली आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. आकडा काही निघेना. तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला, "दोन."

हेच बोलले होते! मी ओरडणार, तेवढ्यात म्हाताऱ्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि पायली सरकवून ह्यांच्या डाव्या हातात दिली. त्यांनी खालून आधार दिला, ह्यांनी भरली. "तीन." मी पदर तोंडात कोंबून बसले. रास संपेपर्यंत दोघं मोजत राहिले आणि एकही आकडा चुकला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जन्मात कधी "एक" म्हणून सुरुवात न केलेल्या माणसाला आम्ही "एक म्हणा, एक म्हणा" म्हणून छळत होतो.

रास संपली आणि हे पुन्हा मुके. "बोला की हो, आता का गप बसले?" मी हुंदके देत म्हणाले. म्हातारे उठताना म्हणाले, "जल्दी नको करू, माय. रोज थोडं मोजू दे." कुठले होते, ते विचारायचंही मला सुचलं नाही.

मंग घरी मी रोज परातीत ज्वारी घेऊन बसू लागले. शेराचं माप ह्यांच्या डाव्या हातात. "लाभ, दोन, तीन," आणि त्याच ठेक्यात मी तांब्या पुढं धरून म्हणायचे, "पाणी." कितीतरी दिवस नुसते आकडे आले. मंग एकदा ठेक्यातच "पाणी" आलं. मंग "मीठ", "ऊन". बोलणं असं चिमटीचिमटीनं येत होतं. मी रामाशी भांडायचं विसरून गेले. मोजण्यातच दिवस जायचा.

आषाढातली एक दुपार. दळणाची ज्वारी मोजत होतो. "लाभ... दोन..." आणि माप हवेतच थांबलं. कधी, कुणासाठी मोजणी न तोडलेला हा माणूस मोजणी तोडून माझ्याकडे बघत होता. "जेव... ली?"

मी खेकसले नाही हो. मान हलवून "न्हाई" म्हणाले, एकच ताट वाढलं आणि दोघं त्यात जेवलो. मोजणी नंतर पहिल्यापासून केली.

"का गं" मात्र शेवटपर्यंत आलं नाही. म्हातारे त्या दिवशी तिथं का बसले, खोकला नेमका दुसऱ्या पायलीला का आला, हे मी कुणाला पटवत बसत नाही. एवढंच सांगते, की मी मागणं सोडून हात टेकले होते तेव्हा रामानं दिलं, आणि माझ्या घाईनं नाही, त्याच्या मापानं दिलं. पुरलं मला ते.

आता हे नाहीत. दुपारी ताट वाढून घेते, दाराकडे बघते आणि पहिला घास घ्यायच्या आधी सांगते, "जेवते हो."