सरांची हरकत

सरांना आमच्यापैकी एकीचंही नाव येत नसे. हजेरी घेताना ते कागदावरून नावं वाचायचे आणि मान वर केली की आम्ही सगळ्याच ‘बेटा’. "बेटा, बॉल दे. तू नाही, ती बेटा!" मुली हसायच्या. ही त्यांची माया करायची पद्धत असावी, असं मलाही बरेच दिवस वाटत होतं.

दिग्रसला कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मुरमाड मैदानावर चार-पाच शाळांच्या मुली जिल्ह्याच्या हॉकी टीमसाठी सराव करायच्या. इंग्रजी शाळेतली मी एकटीच होते आणि गोलमध्ये उभी राहायचे. "बेटा, गोलकीपर ओरडला पाहिजे. तू तर मनातल्या मनात ओरडते," असं सर म्हणायचे. मी मान हलवायचे.

ढगाळ दिवशीही सर काळा चष्मा लावत. कानात कापसाचे बोळे असत. गळ्यात शिट्टी होती, पण ती वाजलेली मी कधी ऐकली नाही. ते टाळ्या वाजवून खेळ थांबवत. सर लांबून दिसले की पल्लवी म्हणायची, "हिरो आला वं!" पल्लवी आमची कॅप्टन. तिच्या बाबांची सोयाबीन-तुरीची शेती होती, पण त्यांचा जीव या एका लेकीच्या हॉकीत होता. ती राज्याच्या टीममध्ये गेली की पोलीस भरतीत खेळाडू म्हणून तिचा नंबर लागेल, असं ते भेटेल त्याला सांगत. वयोगटातलं तिचं ते शेवटचं वर्ष होतं.

पुसदच्या मुलींबरोबर सरावाची मॅच होती. बॉल एका खड्यावर उडाला आणि पल्लवीच्या कानामागे बसला. ती पडली, लगेच उठली, हसून म्हणाली, "काई नाई झालं." खेळ पुढे सुरू झाला. थोड्या वेळानं ती माझ्याजवळ आली आणि तिनं हळूच विचारलं, "आपल्याले कोनत्या साइडले गोल मारायचा हाये?"

मी ओरडले. खरंच ओरडले. सरांनी टाळ्या वाजवल्या, पल्लवीला बाहेर घेतलं. ती परत मैदानात धावू लागली, तेव्हा सरांनी तिची स्टिक काढून घेतली आणि ती स्वतःच्या मांडीखाली ठेवून बसले. मॅच आम्ही हरलो. घरी जाताना पल्लवीला उलट्या झाल्या.

यवतमाळला डोक्याचा फोटो काढला. त्यात काही निघालं नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की डोकं दुखणं पूर्ण थांबेपर्यंत खेळ बंद. मग आधी चालणं, मग पळणं, मग स्टिक आणि मॅच सगळ्यात शेवटी. मधेच दुसरा मार बसला तर जिवावर बेतू शकतं. पण फोटोत काही निघालं नाही, एवढंच गावभर झालं.

पुढच्या आठवड्यात अमरावतीला विभागीय स्पर्धा होती. तिथूनच राज्याची निवड होणार होती. पल्लवी सरावाला येऊन बसायची, ओढणी डोळ्यांवर ओढून. "उजेड टोचते वं," ती मला म्हणाली, "पन सांगू नको." मी सरांना सांगितलं. त्यांना माहीतच होतं. त्यांनी तिला चुन्याच्या रेषेवरून टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. अर्ध्या रेषेवरच तिचा तोल गेला.

दुसऱ्या दिवशी तिचे बाबा मैदानावर आले. "फोटोत काई नाई निंगालं ना, सर? मंग काहून बसवून राह्यले पोरीले? हे वरीस गेलं तं ते वयातून बाद होते!"

"भाऊ, हा मार फोटोत दिसत नाही."

"मंग तुमाले कसा दिसते?"

सरांनी चष्मा काढला. उन्हानं त्यांचे डोळे आपोआप मिटले. "मी फुलबॅक होतो. डोक्याला लागलं की रुमाल बांधायचा आणि उतरायचं. लोक खांद्यावर घेऊन नाचायचे. आता मला या पोरींची नावं लक्षात राहत नाहीत, भाऊ. शिट्टी वाजली की डोक्यात खिळा ठोकल्यासारखं होतं. घरातून भाजी आणायला निघतो अन् चौकात उभा राहतो, कायले आलतो म्हणून."

"तुमचं वय झालं, सर," पल्लवीचे बाबा म्हणाले.

सर तेव्हा चाळिशीचे होते. त्या दिवशी ‘बेटा’ ऐकून कोणी हसलं नाही.

पुढचे दिवस सर नुसते धावत होते. पल्लवीच्या घरी गेले, तर दार उघडलं नाही. तिच्या मुख्याध्यापकांकडे गेले. स्पर्धा घेणाऱ्यांना फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आलं: रिपोर्ट नॉर्मल, पालकांची संमती आहे, कोणत्या नियमानं थांबवायचं? शेवटी बाबा तिला घेऊन परस्पर अमरावतीला पोचले. ती किट घालून आमच्यात उभी राहिली. चेहरा पांढराफटक, पण ताठ.

सर पंचांच्या टेबलाकडे गेले. मी जवळच पॅड बांधत होते. "या पोरीच्या वयावर माझी हरकत आहे," ते म्हणाले. "दाखला खोटा आहे. वय जास्त आहे."

वयाच्या हरकती दर स्पर्धेत येतात, पण समोरच्या टीमकडून. आपल्याच कॅप्टनवर हरकत घेणारा कोच कोणी पाहिला नव्हता. तिथं डोक्याच्या मारासाठी नियम नव्हता, वयासाठी होता: चौकशी होईपर्यंत खेळाडू बाहेर.

बाबांनी सरांची कॉलर धरली. "पोरीवर खोटं बोल्ता? तोंडात किडे पडतीन तुमच्या!" चष्मा खाली पडला, कोणाच्या तरी पायाखाली फुटला. सर डोळे मिटून उभे राहिले. त्यांनी हात वर केला नाही आणि शब्द मागे घेतला नाही.

पल्लवी खेळली नाही. महिन्याभरानं तिचा दाखला खरा ठरला आणि सर खोटे. त्यांना मैदानावरून काढलं, ते पांढरकवड्याला भावाकडे राहायला गेले. मी पल्लवीला सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "तुले त्याचाच पुळका. वरीस माह्यं गेलं."

कॉलेजात असताना मी एकदा सरांना भेटायला गेले. हायवेवर भावाचं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत खिडकीला पोतं लावून सर बसले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मग म्हणाले, "ती बेटा... जिला बॉल लागला होता. तिचं डोकं दुखतं?"

"नाही, सर."

"वाचता येतं?"

"येतं. भरतीची तयारी करते."

"शिव्या देते मला?"

मी मान डोलावली. ते हसले. त्यांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

यंदा उन्हाळ्यात सर गेले. मी पल्लवीच्या घरी सांगायला गेले, तेव्हा ती ओसरीवर उन्हात बसून भरतीची गणितं सोडवत होती, एकामागून एक, पेन न थांबवता. ऐकून तिनं मान वर केली. म्हणाली, "वाईट झालं. पन तूच सांग, मले काय झालं होतं? काईच तं नव्हतं झालं."

तिचं म्हणणं खरं होतं. तिला काहीही झालं नव्हतं.